वेबसाइटवर ‘गूगलने लॉगिन करा’ हे बटण द्यायचं का? खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारमधले दुकानदार, क्लासवाले, शेतकरी उत्पादक कंपन्या, वधू-वर मंडळं आणि त्यांच्या साइट बांधून देणारी मुलं, या सगळ्यांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घाईत असाल तर एवढंच घ्या: मोबाइल ओटीपी हा मुख्य दरवाजा ठेवा आणि त्याच्या शेजारी गूगलचं एकच बटण लावा. आपल्याकडच्या बहुतेक साइटना तेवढं पुरतं. काहींना लॉगिनच लागत नाही.

सोशल लॉगिनमध्ये, म्हणजे गूगल-फेसबुकच्या खात्याने दुसऱ्या साइटवर आत येण्यात, नेमकं काय घडतं? गूगल आपला पासवर्ड त्या साइटला देतं का?

नाही. बटण दाबलं की माणूस गूगलच्या पानावर जातो, तिथे आपलं खातं निवडतो, आणि गूगल तुमच्या सर्व्हरला सही केलेली एक चिठ्ठी पाठवतं: हा अमुक क्रमांकाचा खातेदार, हा त्याचा ईमेल, हे नाव. या चिठ्ठीला आयडी टोकन म्हणतात. पासवर्ड गूगलच्या दाराबाहेर येत नाही. यामागे दोन मानकं आहेत. ओऑथ २.० (२०१२) परवानगी देण्याघेण्यासाठी आहे आणि त्यावर उभं असलेलं ओपनआयडी कनेक्ट (२०१४) ओळख पटवण्यासाठी. साइट बांधणाऱ्याने हा फरक लक्षात ठेवावा. नुसतं ॲक्सेस टोकन (परवानगीची चिठ्ठी) मिळालं म्हणजे ओळख पटली असं धरून लिहिलेला कोड धोक्याचा असतो, कारण ते टोकन दुसऱ्याच कुठल्या ॲपसाठी दिलेलं असू शकतं.

आमच्या साइटला लॉगिन लागतंच का?

हा प्रश्न आधी विचारलात हे चांगलं. केळीचे रोजचे भाव दाखवायला लॉगिन लागत नाही. नंदुरबारची मिरची किंवा बचत गटाचे कळण्याचे पापड विकायचे असतील तर नाव, मोबाइल, पत्ता आणि पिनकोड घेऊन ऑर्डर होते. मागची ऑर्डर पाहायची असेल तर ऑर्डर क्रमांक आणि मोबाइल टाकला की काम झालं. माणसाला पुन्हा येऊन स्वतःचं काही उघडायचं असेल, म्हणजे टेस्ट सिरीजचे गुण, भरलेली फी, बायोडाटा, उधारीचा हिशेब, तेव्हाच खातं काढायला लावा. ज्याला एकदाच दोन किलो मिरची हवी आहे त्याच्यापुढे नोंदणीचा फॉर्म ठेवलात तर तो फोन करून मागवेल किंवा मागवणारच नाही.

आता प्रत्येकाच्या मोबाइलवर जीमेल असतंच. मग फक्त गूगल लॉगिन ठेवलं तर काय बिघडलं?

जीमेल असतं हे खरं. पण ते त्याचंच असतं का, आणि पुढच्या वर्षी तेच असेल का, हे पाहावं लागतं.

आपल्याकडे अँड्रॉइड फोन घेतला की प्ले स्टोअर चालू करून देण्यासाठी दुकानातला मुलगा उभ्या उभ्या जीमेल बनवतो. पत्ता काय ठेवला, पासवर्ड काय टाकला, हे घेणाऱ्याला बहुधा माहीत नसतं. फोन चालतो तोवर अडत नाही. असं धरा की सावद्याच्या एका आबांनी तुमच्या साइटवर गूगलने खातं उघडलं आणि ठिबकच्या सामानाची वर्षभराची बिलं तिथे जमा झाली. फोन पाण्यात पडला. नवा फोन आला, दुकानदाराने नवं जीमेल काढून दिलं. आता आबा तेच बटण दाबतात, गूगल नवी ओळख सांगतं, आणि तुमची साइट त्यांना नवा ग्राहक समजून रिकामं पान दाखवते. आबा म्हणतात, ‘माझी बिलं कुठे गेली?’ जुना ईमेल त्यांना सांगता येत नाही, कारण तो त्यांना कधी ठाऊकच नव्हता.

त्यांचा मोबाइल नंबर मात्र दहा वर्षं तोच असतो. गावात तो चार जणांना पाठ असतो. म्हणून नंबर हा पाया आणि गूगल ही सोय. गूगलने येणाऱ्याकडूनही पहिल्याच वेळी मोबाइल नंबर घ्या आणि ओटीपीने तपासून घ्या. मग जीमेल बदललं तरी खातं सापडतं.

गूगलचा आणखी एक नियम लक्षात असू द्या. दोन वर्षं वापरात नसलेलं वैयक्तिक खातं गूगल काढून टाकू शकतं, आणि डिसेंबर २०२३ पासून ही कारवाई सुरू झाली आहे.

म्हणजे मोबाइल नंबर बिनधोक?

तोही पूर्ण नाही. बंद पडलेला नंबर किमान ९० दिवसांनी दुसऱ्याला मिळू शकतो. एखादा ग्राहक वर्षभराने आला तर ओटीपीबरोबर आणखी एक ओळखीची गोष्ट विचारा, जसं मागच्या ऑर्डरचा पिनकोड. ती जुळल्यावरच जुने पत्ते आणि बिलं दाखवा. शिवाय एका घरात एकाच नंबरवर बाप, मुलगा आणि सून अशी तिघांची कामं चालतात. क्लास किंवा प्रवेशाची साइट असेल तर एका नंबराखाली एकाहून जास्त विद्यार्थी ठेवायची सोय पहिल्या दिवसापासून करा. नंतर ती घुसवताना फार त्रास होतो.

निर्णय घेण्याआधी काय मोजायचं?

साइट चालू असेल तर तुमच्याच डेटाबेसमधून तीन आकडे काढा. एक, ‘पासवर्ड विसरलात?’ या दुव्यावर आठवड्याला किती जण जातात आणि त्यातले किती जण खरोखर आत पोचतात. दोन, नोंदवलेल्या ईमेलमध्ये जीमेल किती. तीन, एकाच मोबाइल नंबरावर दोन-तीन खाती झालेली किती. पहिला आकडा मोठा असेल तर पासवर्ड हाच अडसर आहे आणि ओटीपी किंवा गूगलने फायदा होईल. तिसरा मोठा असेल तर नवं बटण लावण्याआधी ती खाती एकत्र करा, नाहीतर गुंता दुप्पट होईल.

चुकीच्या लॉगिनला साइट काय उत्तर देते तेही तपासा. २०१२ मध्ये मेलचिंप या ईमेल सेवेने फेसबुक आणि ट्विटरची लॉगिन बटणं लावून पाहिली. लॉगिनच्या पानावर आलेल्यांपैकी ३.४ टक्के लोकांनीच ती वापरली, आणि अडचणी कमी झाल्या त्या मुख्यतः चूक सांगणारा संदेश नीट लिहिल्यामुळे. कंपनीने बटणं काढायचं ठरवलं. तुमच्या साइटवर ‘इनव्हॅलिड क्रेडेन्शियल्स’ असं इंग्रजीत येत असेल तर आज संध्याकाळी ते बदला.

फेसबुक, ॲपल, लिंक्डइन हीही बटणं लावावीत का?

जितकी बटणं, तितका पुढच्या वेळचा गोंधळ. ‘मागच्या वेळी कशाने आलो होतो?’ हे कुणाला आठवत नाही. तो दुसरंच बटण दाबतो आणि दुसरं खातं तयार होतं. दोन दरवाजे पुरेत. मागच्या वेळी वापरलेला मार्ग ब्राउझरमध्ये लक्षात ठेवून त्या बटणाखाली ‘मागच्या वेळी इथून आलात’ एवढं लिहिलं तर बराच त्रास वाचतो.

फेसबुककडून ईमेल मिळेलच याची खात्री नसते. खातं नुसत्या मोबाइल नंबरावर काढलेलं असू शकतं, किंवा माणूस ईमेल द्यायला नाही म्हणू शकतो. त्यात ‘आपल्या नावाने काहीतरी पोस्ट होईल’ ही भीती लोकांच्या मनात पक्की बसलेली आहे. ॲपलचं बटण साइटला सक्तीचं नाही. आयफोनसाठी स्वतंत्र ॲप काढून त्यात गूगल किंवा फेसबुक लॉगिन दिलंत तर मात्र ॲप स्टोअरचा नियम लागू होतो, आणि खासगीपणा जपणारा, ईमेल लपवता येणारा एक पर्यायही द्यावा लागतो. ॲपलच्या डेव्हलपर सदस्यत्वाचे वर्षाला ९९ डॉलर लागतात. लिंक्डइन नोकरीच्या साइटवर शोभतं, गिटहब प्रोग्रॅमरच्या. केळी व्यापाऱ्याच्या साइटवर दोन्हींचं काही काम नाही.

आम्ही समाजाची वधू-वर नोंदणी ऑनलाइन करतोय. गूगल चालेल?

आमचं मत स्पष्ट आहे: इथे सोशल लॉगिन नको. बायोडाटा मुलगी क्वचित भरते. मामा, काका किंवा थोरला भाऊ भरतो, आणि गूगलने आलं की त्याचं नाव आणि त्याचा फोटो खात्यात येतो. साइटने तोच फोटो आपोआप प्रोफाइलला लावला तर स्थळाच्या जागी मामाचा चेहरा दिसेल. याहून गंभीर म्हणजे मुलीच्या स्वतःच्या जीमेलने खातं काढलं असेल तर तिचा खासगी ईमेल मंडळाच्या यादीत जातो. मोबाइल ओटीपी ठेवा, खातं चालवणाऱ्याचं नातं वेगळ्या रकान्यात विचारा, आणि फोटो हाताने चढवू द्या.

आमचे विद्यार्थी फॉर्म नेटकॅफेतून किंवा सेवा केंद्रातून भरतात. त्याने फरक पडतो का?

खूप पडतो, आणि बांधणाऱ्यांच्या हे उशिरा लक्षात येतं. केंद्राच्या संगणकावर क्रोममध्ये ऑपरेटरचं स्वतःचं गूगल खातं उघडं असतं. तुमच्या साइटवर गूगलची ‘वन टॅप’ खिडकी चालू असेल तर ती त्याच खात्याने आत यायला सुचवते. गर्दीत एक क्लिक होतो आणि दिवसभरात आलेल्या दहा मुलांचे अर्ज ऑपरेटरच्या एका खात्यात जमा होतात. हॉल तिकीट काढायच्या वेळी मुलं घरून लॉगिन करतात तेव्हा अर्ज सापडत नाही.

याची उलट बाजूही तितकीच वाईट. मुलाने तिथे स्वतःचं जीमेल उघडून लॉगिन केलं आणि तुमच्या साइटवरून ‘लॉगआउट’ केलं, तरी त्याचं गूगल खातं त्या संगणकावर उघडंच राहतं. तुमचं लॉगआउट फक्त तुमच्या साइटपुरतं असतं.

उपाय असे. प्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्ती अशा साइटवर वन टॅप आणि आपोआप साइन-इन दोन्ही बंद ठेवा. गूगलला विनंती पाठवताना ‘प्रॉम्प्ट’ची किंमत ‘सिलेक्ट अकाउंट’ ठेवा, म्हणजे दर वेळी खातं निवडायला लागेल. आत आल्यावर वरच्या कोपऱ्यात ठळक अक्षरात दाखवा: ‘तुम्ही या ईमेलने आला आहात. हा तुमचाच आहे ना?’ आणि बाहेर पडताना: ‘हा संगणक दुसऱ्याचा असेल तर गूगलमधूनही बाहेर पडा.’

डेटाबेसमध्ये काय साठवायचं? ईमेलच चावी (खातं ओळखायची खूण) केली तर?

ईमेल चावी करू नका. गूगलच्या टोकनमध्ये ‘सब’ नावाचा रकाना असतो. तो त्या खात्याचा कायमचा क्रमांक. ईमेल बदलू शकतो, हा बदलत नाही. इथे एक खास चूक होते. हा क्रमांक दिसतो आकड्यांचा, सहसा २१ अंकी, म्हणून लोक रकाना ‘बिगइंट’ (मोठ्या पूर्ण संख्येचा प्रकार) ठेवतात. त्यात जास्तीत जास्त १९ अंकी संख्या मावते. जावास्क्रिप्टमध्ये संख्या म्हणून घेतलात तर शेवटचे अंक गुपचूप बदलतात. तो मजकूर म्हणून ठेवा, लांबी २५५.

वापरकर्त्यांचा एक तक्ता आणि ओळखींचा दुसरा तक्ता, अशी रचना करा. ओळखींच्या तक्त्यात चार गोष्टी: वापरकर्त्याचा क्रमांक, देणारा कोण, त्याने दिलेला क्रमांक आणि जोडल्याची तारीख. ‘देणारा’ आणि ‘त्याने दिलेला क्रमांक’ ही जोडी एकमेव राहील असा निर्बंध घाला. म्हणजे एका माणसाला ओटीपी, गूगल आणि उद्या आणखी काही जोडता येतं, मूळ तक्त्याला हात न लावता.

टोकन तपासताना चार प्रश्न: सही गूगलचीच आहे का, देणारा गूगल आहे का, ते तुमच्याच क्लायंट आयडीसाठी (गूगलकडे नोंदवलेल्या तुमच्या साइटच्या ओळख क्रमांकासाठी) दिलं आहे का, मुदत संपली तर नाही ना. हे हाताने लिहू नका, गूगलची अधिकृत लायब्ररी वापरा.

एकाच ईमेलचं पासवर्डचं खातं आधीच असेल आणि तो माणूस आता गूगलने आला तर? दोन्ही आपोआप जोडायची?

थेट जोडू नका. समजा कुणी तुमच्या ग्राहकाचा ईमेल टाकून, स्वतःचा पासवर्ड ठेवून आधीच खातं उघडून ठेवलं आणि तुमची साइट ईमेल न तपासताच खातं चालू करते. खरा मालक महिन्याने गूगलने येतो, तुम्ही दोन्ही जोडता, तो पत्ता आणि बिलं भरतो. पहिल्याचा पासवर्ड अजून चालतोच. सगळं त्याला दिसतं.

म्हणून जोडण्याआधी एकदा खात्री करा आणि असा संदेश दाखवा: ‘हा ईमेल आधीच नोंदवलेला आहे. नोंदवलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाका, पुढच्या वेळेपासून गूगलनेही येता येईल.’ जुना ईमेल किंवा मोबाइल कधी तपासलाच नसेल तर जोडताना जुना पासवर्ड आणि चालू सत्रं (आधीपासून उघडी असलेली लॉगिन) रद्द करा. गूगलने दिलेल्या ईमेलबाबतही भेद आहे. पत्ता जीमेलचा असेल तर गूगलचा शब्द पक्का. दुसऱ्या डोमेनच्या पत्त्यावर काढलेलं गूगल खातं असेल तर तो पत्ता पूर्वी कधीतरी तपासला होता एवढंच कळतं. तो आज कोणाकडे आहे, ते स्वतः मेल पाठवून तपासा.

गूगलचं बटण लावायला काय काय करावं लागतं? पैसे लागतात का?

नाव, ईमेल, फोटो एवढ्यापुरतं लॉगिन मोफत आहे. गूगल क्लाउड कन्सोलमध्ये प्रोजेक्ट काढा. संमतीच्या पानावर साइटचं नाव, मदतीचा ईमेल, डोमेन आणि गोपनीयता धोरणाचा दुवा भरा. वापरकर्ते ‘एक्सटर्नल’ निवडा. मग वेब ॲप्लिकेशन प्रकारचा क्लायंट आयडी काढा आणि परतीचा पत्ता, म्हणजे लॉगिन झाल्यावर गूगल माणसाला तुमच्या साइटच्या ज्या पानावर परत पाठवतं तो, नोंदवा. मागताना ‘ओपनआयडी’, ‘ईमेल’ आणि ‘प्रोफाइल’ हे तीनच मागा. संपर्क यादी किंवा ड्राइव्ह मागितलंत की गूगलची पडताळणी मागे लागते आणि ग्राहकही बिचकतो. शेवटी प्रोजेक्ट ‘टेस्टिंग’मधून ‘प्रॉडक्शन’मध्ये न्यायला विसरू नका. टेस्टिंगमध्ये १०० चाचणी वापरकर्त्यांची मर्यादा आहे.

आणि हे मालकांसाठी: प्रोजेक्ट संस्थेच्या ईमेलवर काढून घ्या. साइट बांधणाऱ्या मुलाच्या जीमेलवर असेल आणि तो पुण्याला नोकरीला गेला, तर परतीचा एक पत्ता बदलायलाही त्याच्या मागे फिरावं लागतं. डोमेन, होस्टिंग आणि हा प्रोजेक्ट, तिन्हींत संस्थेचे किमान दोन जण मालक म्हणून असू द्या.

बटण दाबलं की चूक येते. कारण काय?

‘रिडायरेक्ट यूआरआय मिसमॅच’ आलं तर परतीचा पत्ता अक्षरशः जुळत नाही. एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, पत्त्याच्या आधीचं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, शेवटची तिरकी रेघ, यांतलं एकही चुकलं तरी गूगल नाकारतं.

‘डिसअलाउड यूजर एजंट’ आलं तर पान दुसऱ्या ॲपच्या पोटात उघडलेलं आहे. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर टाकलेली जाहिरातीची लिंक त्यांच्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडते, आणि अशा ठिकाणी गूगल लॉगिन चालू देत नाही, कारण ते ॲप टाइप केलेला पासवर्ड पाहू शकतं. अशा वेळी ‘क्रोममध्ये उघडा’ ही सूचना दाखवा आणि ओटीपीचा दरवाजा समोर ठेवा. साइटलाच वेबव्ह्यूमध्ये (ॲपच्या आतल्या ब्राउझरमध्ये) गुंडाळून स्वस्तात बनवलेलं अँड्रॉइड ॲपही इथेच अडतं. तिथे अँड्रॉइडची स्वतःची साइन-इन सोय वापरावी लागते.

ओटीपीसाठी काय तयारी लागते?

एसएमएस पाठवण्याआधी डीएलटी पोर्टलवर (व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्यांच्या नोंदणीच्या साइटवर) संस्था, हेडर (पाठवणाऱ्याचं दिसणारं छोटं नाव) आणि संदेशाचा मसुदा नोंदवावा लागतो. मंजूर मसुद्यापेक्षा वेगळा संदेश पोचत नाही. प्रत्येक एसएमएसला पैसे पडतात, त्यामुळे मर्यादा घाला: ६ अंकी ओटीपी, पाच चुकांनंतर रद्द, दोन संदेशांत ३० सेकंद, एका नंबराला तासाला पाच. मर्यादा नसेल तर कुणीतरी स्क्रिप्ट लावून रात्रीतून तुमचं बॅलन्स संपवतो. मुदत १० मिनिटं ठेवा. धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरपट्ट्यात एसएमएस उशिरा पोचू शकतो, तिथे दोन मिनिटांची मुदत जाचक ठरते.

एक बारीक गोष्ट: मराठी कीबोर्डवरून लोक नंबर देवनागरी अंकांत टाकतात. तपासण्याआधी त्यांचं रूपांतर करून घ्या, नाहीतर बरोबर नंबरालाही साइट ‘चुकीचा’ म्हणते.

गूगलवरून आलेलं नाव बिलावर, प्रमाणपत्रावर छापावं का?

छापू नका. तिथे ‘भाऊ’, ‘जय खान्देश’, मुलीचं नाव, काहीही असतं. ते रकान्यात आधीच भरून दाखवा आणि दुरुस्त करू द्या. परीक्षेच्या साइटवर तर कोरा रकाना ठेवून दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे नाव भरायला सांगा.

आधारने लॉगिन देता येईल का?

दुकान किंवा क्लाससाठी नाही. आधार पडताळणीला परवानगी लागते. आधार क्रमांक मागून साठवूही नका.

कायद्याचं काय?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. गूगलच्या पानावर दिलेली परवानगी तुमच्या वतीने घेतलेली संमती ठरते असं समजू नका. कोणती माहिती, कशासाठी, हे मराठीत वेगळं सांगा आणि खातं काढून टाकायचा दुवा द्या. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते, म्हणून शाळा आणि क्लासच्या साइटवर पालकाच्या नंबराने खातं काढणं जास्त सरळ.

गूगल किंवा फेसबुक बंद पडलं तर?

४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक साधारण सहा तास बंद होतं आणि त्याच्या बटणावर अवलंबून असलेल्या साइटवरचे लोक बाहेर अडकले. दुसरा दरवाजा असेल तर तेवढा दिवस निभावतो.

आधी लावलेलं फेसबुकचं बटण काढायचं आहे. लोक अडकणार नाहीत ना?

आधी फक्त फेसबुकनेच येणाऱ्यांची यादी काढा. त्यांना लॉगिन झाल्यावर मोबाइल नंबर विचारून ओटीपीने जोडून घ्या, आणि हे ६० ते ९० दिवस चालू ठेवा. मग नव्या नोंदणीसाठी बटण बंद करा, पण ‘पूर्वी फेसबुकने येत होतात?’ असा छोटा दुवा लॉगिनच्या पानावर तळाशी राहू द्या. ज्यांच्याकडे ईमेल आणि मोबाइल दोन्ही नाहीत अशांची नावं कार्यालयात छापून ठेवा. ते फोन करतील तेव्हा जुन्या बिलाचा क्रमांक विचारून हाताने जोडून द्या. यादी संपली की कोड काढा, आणि त्यानंतरच फेसबुककडचं ॲप बंद करा.